कोरियन लाटेचा इतिहास : भाषेच्या अंगाने एक विचार

दक्षिण कोरियातील मालिका, चित्रपट आणि गीते यांचा गेल्या तीन दशकांत जो जागतिक प्रसार झाला, त्यास कोरियन भाषेत ‘हाल्यू’, म्हणजे ‘कोरियन प्रवाह’, अशी संज्ञा आहे. या प्रसाराची मीमांसा करताना अभ्यासक सामान्यतः शासनाचे प्रोत्साहन आणि दळणवळणाच्या साधनांची प्रगती या दोन कारणांवर भर देतात. ती दोन्ही खरी आहेत. तथापि परकी आणि अपरिचित भाषा असूनही या कलाकृती मूळ भाषेतच ऐकण्याची इच्छा लोकांना का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही. प्रस्तुत टिपणात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. १९३८ च्या शिक्षण-आदेशाने शाळांतील कोरियन भाषा ऐच्छिक ठरली व पुढील काही वर्षांत ती अभ्यासक्रमातून पूर्णपणे नाहीशी झाली. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोशाचे काम करणाऱ्या विद्वानांना अटक झाली. त्यांपैकी दोघांचा तुरुंगात अंत झाला. पुरावा म्हणून जप्त केलेले कोशाचे हस्तलिखित स्वातंत्र्यानंतर, १९४५ च्या सप्टेंबरात, सोल स्थानकाच्या गोदामात सापडले. त्याच्या आधारे सिद्ध झालेल्या कोशाचे सहा खंड १९४७ ते १९५७ या काळात प्रसिद्ध झाले. दडपलेल्या भाषेविषयीची ही आस्था ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळत नाही.

स्वतंत्र दक्षिण कोरियाचे सांस्कृतिक धोरणही दीर्घकाळ बंदिस्तच होते. जपानी चित्रपट व गीते यांना तेथे मज्जाव होता, आणि स्वदेशी कलावंतांवर अभ्यवेक्षणाचा अंमल होता. १९८७ च्या लोकशाही चळवळीनंतर हे चित्र पालटू लागले. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनाबाह्य असल्याचा निर्णय घटना-न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी जपानी कलाकृतींना टप्प्याटप्प्याने प्रवेश देण्यास आरंभ केला, आणि १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांच्या संवर्धनाचा कायदा झाला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर नव्या निर्यातीची गरज होतीच. म्हणजे शासनाने द्रव्यसाहाय्य केले हे खरे. पण त्याआधी निर्बंध उठविले, हे अधिक महत्त्वाचे होय.

परदेशी स्वीकाराचा पहिला टप्पा भाषांतराचा होता. ‘प्रेम म्हणजे काय’ अशा अर्थाच्या नावाची कोरियन मालिका चीनच्या मध्यवर्ती दूरचित्रवाणीने १९९७ मध्ये चिनी संवादांसह दाखविली. ‘हाल्यू’ ही संज्ञाही चिनी वृत्तपत्रांनीच रूढ केली. चिनी भाषेत तिचा उच्चार ‘शीत प्रवाह’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो; या श्लेषात कौतुकाबरोबर किंचित धास्तीही आहे. स्वतःच्या यशाचे नाव कोरियनांनी शेजाऱ्याकडून उचलले, ही बाब बोलकी आहे.

निर्णायक पालट जपानमध्ये घडला. ‘विंटर सोनाटा’ ही २००२ ची मालिका एनएचके या जपानी वाहिनीने २००३ मध्ये जपानी संवादांसह प्रक्षेपित केली. तिच्या चाहत्यांत मध्यमवयीन स्त्रियांचा भरणा मोठा होता. २००४ च्या अखेरीस त्याच वाहिनीने ती मालिका काटछाट न करता, मूळ कोरियन संवाद ठेवून व पडद्यावर जपानी भाषांतर देऊन, पुन्हा दाखविली. ज्या राष्ट्राच्या सत्तेने ही भाषा शाळांतून हद्दपार केली होती, त्याच राष्ट्राच्या घराघरांत ती सुमारे साठ वर्षांनंतर आवडीने ऐकली जाऊ लागली. हे कोणत्याही शासकीय योजनेचे फळ नव्हते. पात्रांचा स्वर, आर्जव, आदरार्थी रूपांतील सूक्ष्म भेद हे भाषांतरात हरवतात, अशी जाणीव रसिकास झाली की तो मूळ भाषेकडे वळतो.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. २०१२ मध्ये साय यांचे ‘गंगनम स्टाइल’ जगभर गाजले. २०१८ मध्ये बीटीएस या गायकवृंदाचा संग्रह अमेरिकेच्या बिलबोर्ड सूचीत अग्रस्थानी गेला. २०२० मध्ये बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ने चार ऑस्कर पारितोषिके मिळविली. येथे एक आक्षेप संभवतो : बीटीएसचे अमेरिकेत अग्रस्थान मिळविणारे पहिले एकल गीत, २०२० चे ‘डायनामाइट’, इंग्रजीत होते. आक्षेप रास्त आहे. इंग्रजीचे वर्चस्व संपलेले नाही. परंतु त्याच वर्षी त्यांचे मुख्यतः कोरियन भाषेतील गीतही तेथेच पोहोचले, हेही नोंदविले पाहिजे.

भारतातील उदाहरणही हेच सुचविते. मणिपुरात २००० मध्ये एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी लादली, आणि ती पोकळी कोरियन मालिका व चित्रपटांनी भरून काढली. सोलमधील कोणत्याही धोरणकर्त्याने हे योजिले नव्हते.

परकीयांस कोरियन शिकविणाऱ्या सेजोंग संस्थांचे जाळे २००७ पासून, म्हणजे ‘विंटर सोनाटा’च्या यशानंतर, विणले गेले. असे प्रयत्न पूर्वीही होते. पण त्यांचा विस्तार मागणीच्या मागून आला. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने कोरियाशी निगडित २६ शब्द स्वीकारले. ‘हाल्यू’ हा त्यांपैकी एक. ज्या भाषेचा स्वतःचा कोश एके काळी गुन्ह्याचा पुरावा ठरला होता, तिचे शब्द परक्या कोशात सन्मानाने दाखल झाले. शासन भाषेला दडपू शकते, साहाय्यही करू शकते. परंतु तिच्याविषयी परक्याच्या मनात प्रेम उत्पन्न करणे हे कलावंताचेच कार्य आहे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.