नाण्यावरचा गणिती आणि नाणी तोलणारा गणिती

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या 125 व्या जयंतीनिमित्त 29 जून 2018 रोजी 125 रुपयांचे स्मरणनाणे आणि 5 रुपयांचे चलनी नाणे निघाले. पहिले संग्राहकांच्या डबीत राहते. दुसरे मिरजेच्या बाजारात भाजी घेतानाही हाती येऊ शकते. संख्याशास्त्राला हे दुसरेच अधिक साजेसे. कारण फिरणारे नाणे झिजते आणि झीज मोजता येते.

या झिजेला इतिहासाचे साधन बनवले ते गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांनी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, 1940 च्या सुमारास, ते प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांकडे वळले. एखादे नाणे किती झिजेल हे सांगता येत नाही. मात्र एकाच वजनाची म्हणून पाडलेली पुष्कळ नाणी दीर्घकाळ फिरली, की त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. चलनातील आधुनिक नाणी तोलून कोसंबींनी हे पडताळलेही. तक्षशिलेच्या साठ्यात, मागील बाजूवर खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी आढळले. म्हणजे त्या खुणा वेळोवेळी उमटवल्या गेल्या होत्या! सन किंवा राजाचे नाव नसलेल्या नाण्यांचा कालक्रम असा तराजूने लावता आला.

कोसंबींच्या सन्मानार्थ 2008 मध्ये टपाल तिकीट निघाले. वर्गातला सन्मान वेगळा असू शकेल. एकाच धातूची व आकाराची पाच रुपयांची नाणी सनवार लावा, वीस-वीस एकत्र तोला आणि सरासऱ्यांचा आलेख काढा. नाणी जितकी अधिक, तितका निष्कर्ष पक्का.