बुटक्या गव्हाचा कौल

आपल्या मैदानी मुलखात पिकणारा गहू शास्त्राच्या परिभाषेत वसंतगहू होय. नाव वसंताचे आणि पेरणी कार्तिकातली, याचे नवल वाटेल. परंतु ओंबी धरण्यापूर्वी कडाक्याच्या थंडीत दीर्घकाळ काढण्याची त्याला गरज नसते, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आपल्या जुन्या वाणांचा दोष म्हणजे त्यांची उंची. खत वाढविले की दाणा भरण्याच्या सुमारास पीक लोळे; हेक्टरी चाळीसएक किलो नत्रापलीकडे जाण्यात शहाणपण नसे. इकडे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचा गुण वसंतगव्हात उतरविला होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. स्वामिनाथन यांच्या आग्रहाने ते मार्च १९६३ मध्ये येथील शेते पाहून गेले. त्याच वर्षीच्या रब्बीसाठी त्यांचे बियाणे आले आणि दिल्ली, लुधियाना वगैरे केंद्रांवर पेरले गेले.

आता पाहावयाचे ते हे की, उंच आणि बुटक्या गव्हाची तुलना करावयाची तरी कशी? शेजारीशेजारी वाफे पाडले आणि सर्वांना सारखे वागविले, म्हणजे न्याय झाला असे सहज वाटते. पण बुटक्या गव्हाचा कोंबच आखूड. जुन्या रीतीने खोल पेरला तर तो मातीतच गुदमरावयाचा; त्याला सुमारे पाच सेंटिमीटर खोली पुरे. पहिले पाणीही पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, मिळावयास हवे. उलट त्याला मानवणारे एकशेवीस किलो नत्र उंच गव्हाला दिले, तर तो आडवा झालाच म्हणून समजा. सारखी वागणूक ही येथे एकाची बाजू घेण्यासारखीच होती. म्हणून नव्या वाणांसाठी पेरणीचीही नवी रीत बसवावी लागली.

१९६५ साली अखिल भारतीय समन्वित गहू प्रकल्प सुरू झाला आणि विभागवार चाचण्यांना व्यवस्थित रूप आले. ‘सोनोरा ६४’ व ‘लेर्मा रोहो’ हे वाण प्रसारित झाले. १९६६ साली अठरा हजार टन बियाणे आयात झाले. १९६४-६५ मध्ये सुमारे एक कोटी वीस लाख टन असलेले देशाचे गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये एक कोटी साठ लाख टनांवर गेले. दाणा मात्र तांबडा! (‘रोहो’चा अर्थच तांबडा.) पोळी खाणाऱ्यांनी नाके मुरडली, आणि माझ्या मते त्यात त्यांचे काही चुकले नाही. मेक्सिकन सामग्रीतून निवडलेल्या ‘कल्याणसोना’ व ‘सोनालिका’ यांनी सोनेरी दाणा देऊन ती तक्रार बरीचशी मिटविली.

परंतु हा कौल पाण्याखालच्या जमिनीचा. माळव्यातील आणि दख्खनमधील काळ्या जमिनीत बन्सीसारखा गहू पावसाळ्याच्या उरलेल्या ओलीवर येई. वरचा थर वाळला की बी त्या ओलीपर्यंत खोल पोहोचवावे लागे, आणि तेथे आखूड कोंबाचा इलाज चालत नसे. तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने बुटका गहू नाकारला, तो हट्टापायी नव्हे. १९६५ मध्येच प्रसारित झालेला ‘सी ३०६’ हा उंच वाण कोरडवाहू गव्हासाठी पुढे अनेक वर्षे टिकला, आणि त्याच्या पोळीची गोडीही लोक विसरले नाहीत.