कुलूपबंद कळ : व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधील चिपचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट आता नव्याने पटवून द्यावी लागत नाही. संहिता प्रसिद्ध झाली की तिच्यावर लेखकाचा एकट्याचा अधिकार उरत नाही. वाचक ओळी अधोरेखित करतो, समासात टिपा लिहितो, कंटाळवाणे प्रकरण गाळतो, प्रसंगी शेवट आधी वाचतो. आणि यांपैकी कशासाठीही तो प्रकाशकाची परवानगी मागत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आजही सुटलेला नाही. विकत घेतलेले यंत्र उघडून त्यात आपल्या सोयीचा फेरफार करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे काय? या प्रश्नाचा गेल्या चार दशकांतील बोलका इतिहास व्हिडिओ गेमच्या उपकरणांत, विशेषतः हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये, सापडतो.

प्रथम ही कृती समजून घेऊ. कंट्रोलरमधील प्रत्येक कळेखाली एक तुटक विद्युतमार्ग असतो. कळ दाबली की तो जोडला जातो, त्या तारेवरील व्होल्टेज बदलते, आणि हा बदल टिपून आतील चिप मुख्य यंत्राला, म्हणजे कन्सोलला, निरोप धाडते. फेरफार करणारा कंट्रोलरचे स्क्रू काढतो आणि एक छोटी, स्वतः प्रोग्रॅम केलेली चिप आत बसवतो. तिची एक तार गोळीबाराच्या कळेच्या मार्गाला आणि दोन विजेसाठी अशा डाख देऊन जोडतो. मग बोटाने कळ एकदा दाबून धरली तरी ही चिप तो मार्ग सेकंदाला अनेक वेळा जोडते आणि तोडते. कन्सोलला वाटते की माणूसच विलक्षण वेगाने कळ दाबतो आहे. बोट आणि यंत्र यांच्यामध्ये घातलेला हा एक प्रक्षेपच होय.

वेगाने कळ दाबणे हे एके काळी कौशल्य मानले जाई. 1980च्या दशकात जपानमधील हडसन कंपनीचे ताकाहाशी ‘मेइजिन’ हे सेकंदाला 16 वेळा कळ दाबण्यासाठी प्रसिद्ध होते. हे कौशल्य नसणाऱ्यांसाठी निन्टेंडोने 1987 साली ‘एनईएस ॲडव्हान्टेज’ नावाचा कंट्रोलर स्वतःच विक्रीस आणला. त्यात हा वेग आपोआप देणारी ‘टर्बो’ सोय होती. म्हणजे मदत करणारे यंत्र मुळातच कोणाला निषिद्ध वाटत नव्हते. वाद उद्भवला तो ही मदत उत्पादकाच्या संमतीवाचून मिळू लागली तेव्हा.

कुलूप त्याआधीच आले होते. 1983 साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली. त्यानंतर 1985 मध्ये निन्टेंडोने तेथे आपला कन्सोल आणला तो ‘10एनईएस’ नावाच्या चिपसह. कन्सोलमधील चिप आणि कार्ट्रिजमधील चिप यांची सांकेतिक बोलणी जुळली तरच खेळ सुरू होई. कोणता खेळ कोणी काढायचा, यावर त्यामुळे एका कंपनीचा ताबा आला.

या ताब्याला 1990च्या सुमारास ‘गेम जीनी’ने आव्हान दिले. ब्रिटनमधील कोडमास्टर्सने तयार केलेले आणि अमेरिकेत गलूब या खेळणी कंपनीने आणलेले हे उपकरण कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्यामध्ये बसे. ते जाता-येता काही आकडे बदली. मग खेळातल्या पात्राला जास्त जीव मिळत किंवा त्याची उडी उंच होई. कार्ट्रिजमधील मूळ मजकुराला धक्का लागत नसे. हा आमच्या कृतीवर बेतलेला नवा ग्रंथ आहे, अशी निन्टेंडोची तक्रार होती. 1991 साली कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ती फेटाळताना दिलेला दृष्टान्त आपण मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे: पुस्तकातील काही भाग वगळून वाचणे किंवा जलद वाचायला शिकणे यासारखीच ही कृती आहे, असे न्यायालयाने म्हटले. योग्य किंमत मोजलेल्या ग्राहकाने स्वतःच्या आनंदासाठी प्रयोग करावेत, त्यातून नवा ग्रंथ निर्माण होत नाही. 1992 मध्ये अपिलातही हाच निर्णय कायम झाला. वाचकाचा हक्क, निदान त्या क्षणी, खेळाडूलाही मिळाला.

तो टिकला नाही. सोनीचे प्लेस्टेशन 1994 साली जपानमध्ये आले. त्याच्या अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागात एक सूक्ष्म हेलकावा कोरलेला असे. साध्या यंत्रावर काढलेल्या नकलेत तो उतरत नसे. जपान, अमेरिका आणि युरोप यांची अक्षरचिन्हेही त्यातच वेगवेगळी होती. ‘मॉडचिप’ नावाची चिप कन्सोलमध्ये बसवली की ती हेच चिन्ह स्वतः पुरवी. परिणामी चोरून काढलेली नक्कल चाले, तसाच दुसऱ्या देशात रीतसर विकत घेतलेला खेळही चाले. चोर आणि प्रामाणिक ग्राहक एकाच दारातून आत येऊ लागले. अमेरिकेच्या 1998च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने अशी कुलपे फोडण्यावरच बंदी घातली. इंग्लंडच्या न्यायालयाने 2004 मध्ये सोनीच्या बाजूने कौल दिला. ऑस्ट्रेलियात मात्र तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हायकोर्टाने, 2005 साली ‘स्टीव्हन्स विरुद्ध सोनी’ खटल्यात उलट निर्णय दिला: हे कुलूप नक्कल करणे रोखत नाही, ते नक्कल केलेली तबकडी चालवणे रोखते, म्हणून ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. पुढच्याच वर्षी तेथे कायदा बदलण्यात आला.

येथवर खेळाडू एकटा होता, आणि म्हणून वाचकाशी त्याची तुलना शोभत होती. 2002 साली एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झाले आणि इंटरनेटवरून परस्परांशी खेळणे रूढ होत गेले, तेव्हा ही तुलना अपुरी पडू लागली. एक्सबॉक्स 360च्या काळात जलद गोळीबाराच्या चिप बसवलेले कंट्रोलर विकले जाऊ लागले. आता समोर एक दुसरा माणूस होता, आणि तो आपल्याच बोटांनी खेळत होता. मी एखादे प्रकरण गाळले म्हणून शेजारच्या वाचकाचे काही बिघडत नाही. पण मी चिपच्या जोरावर जिंकलो तर त्याच्यावर अन्याय होतो. गेम जीनीच्या निकालातील ‘स्वतःच्या आनंदासाठी’ या अटीची मर्यादा येथे प्रत्यक्ष दिसते. फेरफार करणाऱ्यांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा हा मुद्दा टाळतात. तो टाळू नये.

परंतु त्याच डाखणीला दुसराही इतिहास आहे. निन्टेंडोने 1989 साली हात वापरू न शकणाऱ्यांसाठी एक कंट्रोलर काढला होता. तो छातीवर बांधायचा, हनुवटीने आणि नळीतल्या श्वासाने चालवायचा. असे प्रयत्न कंपन्यांकडून क्वचितच झाले. पुढे दीर्घकाळ ही गरज भागवली ती हौशी कारागिरांनी. त्यांनी कंट्रोलर उघडले, कळांच्या मार्गांना तारा जोडल्या, आणि पायाने, कोपराने किंवा गालाने दाबता येतील अशी मोठी बटणे बाहेर काढली. ज्याचे बोट वारंवार हलू शकत नाही, त्याच्यासाठी वेगाने कळ दाबणारी चिप ही फसवणूक नव्हे. ती त्याला इतरांच्या बरोबरीला आणते. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये ‘एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. त्याच्या पाठीमागे बाहेरची बटणे जोडण्यासाठी 19 छिद्रे आहेत. कारागीर जे काम डाख देऊन करीत होते, त्याला मिळालेली ही अधिकृत मान्यता म्हणता येईल.

आणि तरीही, नोव्हेंबर 2023 मध्ये याच मायक्रोसॉफ्टने आपल्या कन्सोलवर परवाना नसलेली उपसाधने बंद करण्यास सुरुवात केली. उद्देशांत फसवणूक रोखणे होते. पण स्वस्त किंवा स्वतः घडवलेल्या साधनांवर विसंबणाऱ्या अपंग खेळाडूंनाही चिंता वाटू लागली. 1985 साली कार्ट्रिजवर असलेले कुलूप आता बोटांखाली आले.

भारतीय कॉपीराइट कायद्यात 2012 साली घातलेले कलम 65अ येथे विचारात घेण्यासारखे आहे. तांत्रिक कुलूप फोडणे हा गुन्हा ठरण्यासाठी त्यामागे हक्कभंगाचा उद्देश असला पाहिजे, असे ते सांगते. उद्देश शोधणे कुलूप लावण्याइतके सोपे नाही, हे खरे. पण स्पर्धेतील अन्याय स्पर्धेच्या नियमांनी रोखता येतो. त्यासाठी वस्तूच बंद केली, की जिंकण्यासाठी चिप बसवणारा आणि केवळ खेळता यावे म्हणून चिप बसवणारा यांत फरक करण्याची शक्यताच संपते. समासात टीप लिहिणाऱ्या वाचकाच्या हक्काचे समर्थन करणाऱ्या आपण सर्वांनी हा फरक जपण्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, असे मला वाटते.