धन्याच्या खर्चाने घेतलेली विद्या

जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असलेल्या तरुणापुढे, एमबीएचे शुल्क कंपनी भरील, परंतु पदवीनंतर अमुक वर्षे तिच्याच सेवेत काढावी लागतील, असा प्रस्ताव आला, की हा व्यवहार नव्या काळाचा आहे असे त्यास वाटते; वस्तुतः धन्याने विद्येचा खर्च सोसावा आणि विद्यार्थ्याने सेवेने त्याची फेड करावी, ही रीत या मुलखाच्या आसपास शंभर वर्षांहून जुनी आहे.

पश्चिम खानदेशास भिडलेल्या बडोदे संस्थानाने १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांचे विद्यावेतन तीन वर्षांकरिता दिले आणि त्याबदली दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेतला. बडोद्याचे महाराज सयाजीरावांचे औदार्य निःसंशय थोर होते. परंतु १९१७ साली करारानुसार बाबासाहेब बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कचेरीतील हाताखालचे शिपाईसुद्धा त्यांचा विटाळ मानू लागले, सबंध शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली. दस्तऐवजात सेवेची वर्षे काटेकोर मोजली होती, माणसाच्या प्रतिष्ठेची हमी मात्र कोणत्याही कलमात नव्हती. ही उणीव मला त्या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बोधक गोष्ट वाटते. विद्या मात्र त्यांचीच राहिली, आणि १९३७ साली ते धुळ्यास आले ते कोणाचे चाकर म्हणून नव्हे, तर वकील म्हणून.

अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिराचा मार्ग निराळा होता. तेथे अध्ययनास येणाऱ्यांनी गिरणीचे हिशेब सांभाळावेत, अशी अपेक्षाच नव्हती. अशा बंधनाविना साने गुरुजी तेथे शिकावयास आले, १९२४ पासून अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० साली राजीनामा देऊन सत्याग्रहात उतरले. दोन वर्षांनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने टिपून घेणारा हात त्यांचाच होता.

याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जन्मलेल्या विप्रोने पुढे, १९९५ पासून, विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन बिट्स पिलानीची पदव्युत्तर पदवी आपल्या खर्चाने देण्यास प्रारंभ केला. जुन्या रीतीला अशा प्रकारे कारखानदारीचे नियमबद्ध रूप आले.

माझ्या मते असा प्रस्ताव सहसा नाकारू नये, कारण कर्ज काढून शिकण्यापेक्षा तो पुष्कळ हितावह आहे. परंतु पदवीनंतर कोणते काम आणि कोणता हुद्दा मिळणार हे लेखी नसेल, किंवा मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास भरावयाची रक्कम सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक घटत नसेल, तर त्या सेवेच्या करारनाम्यावर, म्हणजे बॉण्डवर, सही करू नये. खानदेशातील प्रत्येक नोकरदार मुलामुलीस माझी विनंती आहे, की शुल्काचा आकडा पाहण्याआधी ही दोन कलमे एखाद्या जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावीत.