वनस्पती तुपाची नव्वद वर्षे

शिक्षकांच्या एका शिबिरात आहारातील मेदांवर बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "मॅडम, मुले वर्गात विचारतात, कारखान्यात तयार झालेले, पाकिटातले, बाहेरचे तळलेले खाल्ले तर चालते की नाही? एका वाक्यात काय सांगू?" मला एका वाक्यात सांगता आले नाही. 'प्रमाणात खावे' असे काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. परतताना मात्र आजोळच्या स्वयंपाकघरातला पिवळा डबा आठवत राहिला.

त्या डब्यावर हिरवे माडाचे झाड होते. दिवाळीच्या शंकरपाळ्या, चिरोटे यांसाठी आजी त्यातला डालडा घेई. निरांजनात आणि नैवेद्याच्या वरणभातावर मात्र साजूक तूपच. "देवाला ते चालत नाही, आपल्याला चालतं," असे ती म्हणे. डबा रिकामा झाला की त्यात रवा भरला जाई आणि तो गंजला की परसात त्यात तुळस लागे. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात शिरलेले कारखान्यातले पहिले मोठे अन्न कोणते, असे मला कोणी विचारले तर मी बिस्किटाच्या आधी या डब्याचे नाव घेईन. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हा डबा मला सोयीचा वाटतो, कारण त्याची सुरुवात, त्याची चूक आणि ती चूक कशी दुरुस्त झाली हे सारे आज आपल्यासमोर आहे.

सुरुवात युरोपात झाली. तिथे लोण्याचा तुटवडा होता. तिसऱ्या नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले आणि १८६९ साली मेज-मूरिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने गुरांच्या चरबीपासून मार्गारीन तयार केले. पण चरबी तरी किती मिळणार? तेल मात्र मुबलक होते. सरकीचे, देवमाशाचे, शेंगदाण्याचे. अडचण एकच, तेल पातळ असते. ते पावाला लावता येत नाही, पिठात घातले तर पदार्थाला हवा तो खुसखुशीतपणा येत नाही, आणि ते लवकर खवट होते.

तेल पातळ का असते हे वर्गात काडीपेटीतल्या काड्यांनी सांगता येते. तेलातल्या मेदाम्लांची साखळी बहुधा अठरा कार्बन अणूंची असते. साखळीत सगळे एकेरी बंध असतील तर ती सरळ राहते. मध्ये एक दुहेरी बंध आला की निसर्गात बहुतेक वेळा तिथे साखळीला बाक येतो. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या काटक्यांची येत नाही. म्हणून दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, तर एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल १३ अंशांनाच. हे दुहेरी बंध म्हणजे ऑक्सिजनला हल्ला करायला सोपी जागा. तेल खवट होते ते मुख्यतः तिथूनच.

तूलूझ इथल्या पॉल साबातिए यांनी १८९७ पासून दाखवून दिले होते, की निकेलच्या बारीक भुकटीच्या सान्निध्यात दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडता येतो. या कामासाठी १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. साबातिए वायूंवर काम करीत होते. हीच क्रिया द्रवरूप तेलावर करता येते याचे पेटंट १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने घेतले. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेले 'क्रिस्को' बाजारात आले.

हिंदुस्थानात हा घट्ट मेद आधी हॉलंडमधून येत असे. १९३२ मध्ये लीव्हर कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला आणि १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव आले. आयात करणाऱ्या 'दादा' या नावात लीव्हरचा 'ल' घातला, अशी त्या नावाची गोष्ट सांगतात. इथे तेल निवडले गेले ते प्रामुख्याने शेंगदाण्याचे, आणि उत्पादन रवाळ व्हावे याची काळजी घेतली गेली. म्हणजे ते नुसते घट्ट तेल म्हणून विकायचे नव्हते. ते तुपासारखे दिसायला हवे होते.

वादाला तोंड फुटले ते इथे. १९४६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले. तुपाच्या नावाखाली ते खपते आणि त्यातून गवळी व गिऱ्हाईक दोघेही नागवले जातात, हा आक्षेप त्या काळी सर्वत्र होता. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. डालड्याने दृष्टी जाते अशीही समजूत पसरली होती. ती अगदीच हवेतून आलेली म्हणता येणार नाही, कारण तुपात अ जीवनसत्त्व असते आणि हायड्रोजनीकरण केलेल्या शेंगतेलात ते नसते. प्रयोगशाळांतून उंदरांना वनस्पती खाऊ घालून पाहिले गेले. बंदी घालावी असा पुरावा सरकारला त्यातून मिळाला नाही.

मात्र दोन नियम आले. वनस्पतीच्या दर ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्वाची किमान २५ आंतरराष्ट्रीय एकके घालणे सक्तीचे झाले. दुसरा नियम मला फार आवडतो. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे! तिळाच्या तेलातील काही घटक साखर आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर गडद लाल रंग देतात. ही बाउडूइन चाचणी. परीक्षानळीत थोडे वितळलेले तूप, तेवढेच आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवावे आणि पाच मिनिटे थांबावे. खालचा आम्लाचा थर लाल झाला तर तुपात वनस्पतीची भेसळ असण्याची दाट शक्यता. (काही कृत्रिम रंगही आम्लात लाल होतात, म्हणून साखर न घालता एक नळी तुलनेसाठी ठेवावी. आम्ल शिक्षकांनीच हाताळावे.) म्हणजे कारखानदाराकडूनच मालात एक साक्षीदार घालून घेतला! अन्नभेसळीच्या कायद्यातली इतकी सुबक युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

पण या सगळ्या खटपटीत प्रश्न एकच होता: हे तूप आहे की तुपाचे सोंग? आजीचाही प्रश्न तोच होता. सोंग असेल तर असो, पण त्याच्या आत नेमके काय आहे, हे विचारणारे थोडे होते.

आत काय होते? सगळे दुहेरी बंध भरून काढले तर मेणासारखा कडक गोळा मिळतो. म्हणून क्रिया अर्धवट थांबवतात. निकेलच्या पृष्ठभागावर दुहेरी बंधाला हायड्रोजनचा एक अणू जोडला जातो आणि दुसरा जोडला जाण्याआधीच कधीकधी पहिला सुटून जातो. बंध पुन्हा दुहेरी होतो, पण या उलाढालीत साखळीचा बाक निघून गेलेला असतो. यालाच ट्रान्स रूप म्हणतात. ओलेइक आम्लाचे ट्रान्स भावंड म्हणजे इलॅडिक आम्ल. अणू तेच, संख्या तीच, पण ते वितळते सुमारे ४४ अंशांना. कारखानदाराच्या दृष्टीने हा लाभच होता. थोडक्या हायड्रोजनमध्ये मेद घट्ट होत होता. वनस्पतीचा द्रवणांक ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असावा असा आपल्याकडे नियम होता, आणि तो गाठायला ट्रान्स मेदाम्लांची मोठी मदत होत असे. (गाईम्हशींच्या दुधातही थोडी ट्रान्स मेदाम्ले असतात. त्यांच्या पोटातले जिवाणू ती तयार करतात.)

१९५७ साली अमेरिकेत फ्रेड कुमेरो आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या २४ माणसांच्या ऊतींमध्ये ही ट्रान्स मेदाम्ले साठलेली दाखवली. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. तेव्हा सगळ्यांचा रोख संपृक्त मेदांवर होता, म्हणजे लोणी, चरबी, खोबरेल यांवर. वनस्पतिजन्य ते चांगले असा सरळ हिशेब होता. उंदरांवरचे प्रयोगही इथे कमी पडणार होते. उंदराच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेण्याची व्यवस्था माणसापेक्षा वेगळी असते आणि त्याच्या धमन्या सहजासहजी चोंदत नाहीत. उंदीर नीट वाढला, एवढ्यावरून माणसाच्या हृदयाबद्दल काही कळत नाही.

निर्णायक प्रयोग झाला तो १९९० मध्ये, नेदरलँड्समध्ये. मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे तीन प्रकारचे आहार दिले. त्यांतील एकात सुमारे ११ टक्के ऊर्जा ट्रान्स मेदांतून येत होती. संपृक्त मेदांनी रक्तातले घातक (एलडीएल) कोलेस्टेरॉल वाढवले. ट्रान्स मेदांनीही जवळजवळ तेवढेच वाढवले, शिवाय उपकारक (एचडीएल) कोलेस्टेरॉल कमी केले. १९९३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ८५,००० परिचारिकांच्या पाहणीत ट्रान्स मेद जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला.

योगायोग पाहा. त्याच १९९० मध्ये ग्राहक चळवळीच्या दबावामुळे मॅकडोनाल्ड्जने अमेरिकेत बटाट्याचे काप गोमांसाच्या चरबीत तळणे सोडून वनस्पतिजन्य तेलाकडे वळायचे ठरवले. ते तेल अंशतः हायड्रोजनीकरण केलेले होते. हेतू चांगला, सल्ला त्या काळच्या समजुतीप्रमाणे बरोबर, आणि परिणाम उलटा!

२००३ मध्ये डेन्मार्कने जगात प्रथम कायदा केला: १०० ग्रॅम मेदात कारखान्यात तयार झालेला ट्रान्स मेद २ ग्रॅमपेक्षा जास्त नको. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या या उपाहारगृहांतून चिकनचे तुकडे आणि बटाट्याचे काप विकत घेऊन तपासले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकच साखळी, एकाच आकाराचे जेवण, पण डेन्मार्कमध्ये ट्रान्स मेद एक ग्रॅमहून कमी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा ग्रॅम. मुलांना हा आकडा जरूर सांगावा. पदार्थाचे नाव तेच, चव तीच, दुकानही तेच. फरक कढईतल्या तेलाचा, आणि तो पडला कायद्यामुळे. पुढे न्यूयॉर्क राज्यातील काही भागांत उपाहारगृहांवर बंधने आली. ज्या भागांत ती नव्हती त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा तीन वर्षांनी हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी अधिक घटलेले दिसले.

आपल्याकडे उशीर झाला. २००९ मध्ये दिल्लीच्या एका पर्यावरण संस्थेने बाजारातले वनस्पती तपासले, तेव्हा ट्रान्स मेद डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाले. २०१३ मध्ये १० टक्के, २०१६ मध्ये ५, जानेवारी २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के अशी मर्यादा उतरत गेली. हिशेब करून पाहा. २० ग्रॅम वनस्पतीत २० टक्के ट्रान्स मेद असेल तर पोटात ४ ग्रॅम जाणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाच्या ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात सुमारे २.२ ग्रॅमहून कमी, ही मर्यादा हवी. आज तेवढ्याच वनस्पतीत ०.४ ग्रॅमहून अधिक ट्रान्स मेद असता कामा नये. कॅलरी मात्र तेव्हाही १८० आणि आजही १८०. शिवाय घट्टपणा आता बराचसा पामतेल व त्याच्या घट्ट भागातून येतो, आणि पामतेलातला निम्मा मेद संपृक्त असतो. दोष गेला तो एका विशिष्ट बंधाचा. त्यामुळे वनस्पती पथ्याचा पदार्थ झाले, असे मात्र नाही.

म्हणून 'प्रक्रिया केलेले अन्न' हा शब्द मला अपुरा वाटतो. दही, उकडा तांदूळ, आयोडीनयुक्त मीठ, खारी बिस्किटे, सारेच प्रक्रिया केलेले. प्रक्रियेत काय काढले, काय घातले आणि कशाचे रूप बदलले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण एवढ्याने भागते, असेही मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांनी २० माणसांना दोन-दोन आठवडे आलटून पालटून अतिप्रक्रियायुक्त आणि साधे अन्न दिले. पुढ्यात ठेवलेल्या साखर, मेद, मीठ व तंतूंचे प्रमाण दोन्हीकडे जुळवलेले होते. हवे तेवढे खा, अशी मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भरभर खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले, साध्या अन्नावर तेवढेच उतरले. इथे बोट दाखवायला एखादा दुहेरी बंध नाही. ही अडचण चाचणीच्या नळीत पकडता येणारी नाही आणि टक्केवारीच्या कायद्यातही चटकन बसणारी नाही.

हे सगळे मी त्या बाईंना पत्राने कळवले. एक वाक्य काही झाले नाही, चार पाने झाली. त्यांनी मुलांकडून रिकामी पाकिटे गोळा करवली आणि घटकांची यादी वाचायला लावली. 'हायड्रोजनीकृत', 'पामोलीन' हे शब्द मुलांनी फळ्यावर लिहिले, कोणत्या पाकिटात दर १०० ग्रॅमला किती मेद तेही मांडले. मग एका मुलीने हात वर करून विचारले, की शाळेबाहेरच्या वडापावाला पाकीटच नाही, त्याचे तेल कुठे वाचायचे? बाई दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार मुलांना घेऊन गाडीवर गेल्या. वडेवाल्याने तेलाचा डबा आनंदाने दाखवला. तेल किती दिवसांनी बदलता, या प्रश्नावर मात्र तो हसला आणि त्याने पुढचा घाणा कढईत सोडला.