शेंगदाणे-मक्यातील बुरशीचे विष : प्रयोगशाळेत कसे शोधतात?

"डॉक्टर, डब्यातल्या शेंगदाण्यांना बुरशी आली होती, मुलाने चार-पाच खाल्ले. रक्त तपासायचे का?" पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे असते. त्याचे कारण समजण्यासाठी हे विष कसे शोधतात ते पाहू.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय?

अ‍ॅस्परजिलस जातीच्या काही बुरशी शेंगदाणे, मका, सुकी मिरची, सरकी यांवर वाढताना हे विष तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी शेंगदाण्याच्या पेंडीमुळे मेले, त्यातून त्याचा शोध लागला. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या सीमेलगतच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन अनेकांना कावीळ झाली, जलोदर झाला आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये तो अधिकच वाढतो.

तपासणीचे टप्पे

१. नमुना घेणे : पोत्यातील मोजक्याच दाण्यांत विष भरपूर आणि बाकीच्यांत शून्य असू शकते. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून दाणे घेऊन, एकत्र दळून, नीट मिसळून मग तपासतात. मूठभर दाण्यांचा अहवाल निर्दोष आला तरी पोते निर्दोष ठरत नाही.

२. प्राथमिक चाचणी : अतिनील दिव्याखाली बी प्रकारचे अफ्लाटॉक्सिन निळे आणि जी प्रकारचे हिरवे चमकते. ही नावे ब्ल्यू आणि ग्रीन या रंगांवरूनच पडली. मात्र अख्ख्या दाण्यावरची चमक हा फक्त इशारा असतो. पट्टी चाचणी आणि एलायझा यांत अँटिबॉडी वापरतात. त्या झटपट होतात, पण विषासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या घटकांमुळे कधी कधी चुकीचा आकडा देतात.

३. खात्रीची चाचणी : विष अर्कातून वेगळे करून एचपीएलसी यंत्रावर त्याचे प्रमाण मोजतात. एलसी-एमएस/एमएस यंत्र रेणूचे वजन आणि त्याचे तुकडे तपासून विषाची ओळख पक्की करते.

अहवाल कसा वाचावा?

आकडा मायक्रोग्रॅम प्रति किलो असा असतो. यालाच पीपीबी म्हणतात. भारतात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १० आहे. जनावराने दूषित पेंड खाल्ली तर दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ उतरते, त्याची मर्यादा ०.५ आहे. 'आढळले नाही' याचा अर्थ त्या पद्धतीने मोजता येईल इतके नव्हते, एवढाच.

ग्राहकाला तपासणी करून घेता येते का?

होय. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. तसे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. पदार्थ नियमाबाहेर निघाला तर शुल्क परत मिळते.

मग रक्ततपासणी?

रक्तातील किंवा लघवीतील अफ्लाटॉक्सिनच्या चाचण्या मुख्यतः संशोधनासाठी वापरतात. त्यांवरून एका रुग्णाचा उपचार ठरत नाही. एकदा चुकून चार दाणे खाल्ले तर सहसा काही होत नाही. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, पोट फुगणे, गडद लघवी, सुस्ती यांपैकी काही दिसले तर त्वरित डॉक्टरांकडे जा. तेव्हा यकृताच्या नेहमीच्या तपासण्या उपयोगी पडतात. एकाच घरात किंवा वस्तीत अनेकांना कावीळ झाली, तर काय खाल्ले होते ते डॉक्टरांना सांगा आणि उरलेले धान्य फेकू नका. वेगळे बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. तपासणीसाठी तोच पुरावा असतो.

एरवी बुरशी आलेले, सुरकुतलेले, काळपट किंवा कडवट दाणे सरळ टाकून द्या. भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. आणि दाणा चांगला दिसतो म्हणून त्यात विष नाहीच, असेही नाही. म्हणून धान्य कडक वाळवून, कोरड्या डब्यात, लागेल तेवढेच साठवा.