युद्धाचा खर्च आधी कमी कसा सांगितला जातो? समजून घ्या इराकच्या उदाहरणातून

मार्च 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. त्याआधीच्या काही महिन्यांत युद्धाची किंमत किती, यावर काय काय सांगितलं गेलं?

पैसा
सप्टेंबर 2002 मध्ये व्हाइट हाउसचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी 100 ते 200 अब्ज डॉलरचा अंदाज दिला. डिसेंबरमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर सरकारकडून 50 ते 60 अब्जांचा आकडा पुढे आला.

वेळ आणि सैन्य
युद्ध सहा दिवस किंवा सहा आठवडे चालेल, सहा महिने लागतील असं वाटत नाही, असं संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड म्हणाले. युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील, असं लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीला सांगितलं. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी ते खोडून काढलं.

प्रत्यक्षात काय झालं?
सैन्य परतलं डिसेंबर 2011 मध्ये. तोवर सुमारे 4,500 अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून जास्त इराकी नागरिकांचा जीव गेला होता. थेट खर्च 800 अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचला. बराचसा पैसा मुख्य अर्थसंकल्पाबाहेर, पुरवणी मागण्यांतून मंजूर होत गेला. त्यामुळे पूर्ण बिल एकदम कधी समोर आलंच नाही. जखमी सैनिकांवरचे उपचार आणि कर्जावरचं व्याज यांचा खर्च आजही सुरू आहे.

म्हणूनच युद्धाच्या खर्चाचा आकडा ऐकला की दोन गोष्टी तपासा: तो किती काळाचा आहे आणि त्यात काय धरलेलं नाही.